आवाज पचतो का?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत गर्दीतून समोरासमोर येतात, मागून बडगे, आणि अलीकडे त्यांच्या मागेपुढे डीजे. पीडा गावाबाहेर घालवायची तर गाजावाजा हवाच, ही १८८०च्या दशकापासूनची रीत. तेव्हा एवढे मोठे साउंडबॉक्स नव्हते, इतकंच. त्या संध्याकाळी धंतोलीतल्या एका घरात चाललेला वाद पुढे देतो आहे. वाद घालणारे दोघे मी रचलेले आहेत, त्यांच्या तोंडचं शास्त्र आणि सालं मात्र खरी. मामाजी कान-नाक-घशाचे डॉक्टर, उभा जन्म लोकांच्या कानांत डोकावण्यात गेलेला. भाची शरीरक्रियाशास्त्र शिकून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूचे पातळ काप करते आणि त्यातल्या एकेका पेशीचा विद्युतप्रवाह मोजते. सणाला माहेरी आली होती. वादाचं निमित्त होता मामाजींचा त्या दिवशीचा शेवटचा पेशंट.

मामाजी: पोरगा बाविशीचा. डीजेच्या गाडीवर काम करतो. ऑडिओग्राम काढला, एकदम स्वच्छ. आठ हजार हर्ट्झपर्यंत सगळं वीस डेसिबलच्या आत. मी लिहून दिलं, श्रवण नॉर्मल. आता तू म्हणून राहिली की हे चुकलं.

भाची: चुकलं नाही म्हणत. अपुरं आहे म्हणते. तो आला कशासाठी होता?

मामाजी: चहाच्या टपरीवर चौघं एकदम बोलायला लागले की शब्द कळत नाहीत म्हणे. आवाज येतो, शब्द फुटत नाहीत. आणि डीजेसमोर आता काहीच वाटत नाही, सवय झाली. हे मी रोज ऐकतो. सीताबर्डीचा फेरीवाला हेच सांगतो, गिट्टीखदानचा वेल्डर हेच सांगतो. माणसाचं शरीर आहे, बेटा. पचवतं.

भाची: पचवतं म्हणजे कुठे पचवतं, मामाजी?

मामाजी: डोक्यात.

भाची: डोक्यात कुठे?

मामाजी: आता पिनकोड सांगू का?

भाची: माझं कामच ते आहे. कानाच्या आत, शंखात, आतल्या रांगेच्या केसपेशी साधारण साडेतीन हजार. तेवढ्यांवर आपलं सगळं ऐकणं. आवाजाने त्यांचे केस हलले की तळाशी ग्लुटामेट सुटतं आणि त्याने श्रवणचेतेचे तंतू पेटतात. ते तंतू ब्रेनस्टेममध्ये शिरतात, कॉक्लिअर न्यूक्लियसमध्ये. तिथेही तेच ग्लुटामेट. तिथून एक तंतू मधली रेषा ओलांडून पलीकडे जातो आणि एकाच पेशीला पंजात धरल्यासारखा बिलगतो. हान्स हेल्ड नावाच्या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८९३ साली तो पाहिला, म्हणून कॅलिक्स ऑफ हेल्ड. मेंदूतल्या सगळ्यात मोठ्या सिनॅप्सपैकी एक. इतका मोठा, की तंतूच्या टोकावरच इलेक्ट्रोड टेकवून मोजता येतं. एरवी हे टोक एवढं बारीक असतं की आपण फक्त ऐकणाऱ्या पेशीला विचारतो. इथे बोलणाऱ्यालाही विचारता येतं.

मामाजी: ग्लुटामेट म्हटलं की माझे पेशंट अजिनोमोटोचं विचारतात. चायनीज खाल्लं म्हणून कान वाजतो का, डॉक्टर?

भाची: काय सांगता त्यांना?

मामाजी: सांगतो, तर्रीतल्या टमाट्यातही ग्लुटामेट असते, खा. पोटातलं रक्तात येईल, रक्तातलं मेंदूत सहजी शिरत नाही, मध्ये भिंत आहे. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो.

भाची: बरोबर. आणि पुढची गोष्ट ही, की किती ग्लुटामेट सुटलं त्यापेक्षा ते कुणी झेललं याला जास्त महत्त्व. एकच पदार्थ, पण त्याला झेलणारे रिसेप्टर अनेक तऱ्हेचे. त्यांच्यावर ठरतं की पेशी एका टिचकीने पेटेल की दहा धक्के खाऊनही गप्प बसेल.

इथे वाचकासाठी थोडं थांबतो, कारण पाठ्यपुस्तकात रिसेप्टरचं चित्र नेहमी दाराचं असतं: ग्लुटामेट आलं, दार उघडलं, क्षार आत गेले, पेशी पेटली. एएमपीए जातीच्या रिसेप्टरांना ते चित्र लागू पडतं. एनएमडीए जातीलाही अर्धंमुर्धं पडतं. त्या दारात एरवी मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं, हे १९८४ साली कळलं. पेशी आधीच बरीच चाळवलेली असेल तरच बूच निघतं, मग दार उशिरा मिटतं आणि कॅल्शियम भरपूर आत येतं. तिसरी जात मेटाबोट्रॉपिक, लाडाचं नाव एमग्लूआर. ती दार उघडत नाही. ती मीटरच्या पेटीत जाऊन फ्यूज बदलणाऱ्या वायरमनसारखी आहे: दिवा तोच, बटण तेच, पण आता किती भार झेपेल ते वेगळं. पेशी किती सहज पेटावी हे ज्या पोटॅशियम आणि कॅल्शियम चॅनेलांवर ठरतं, त्यांनाच ही जात आतून हात घालते. भाचीचा सगळा मुद्दा या तिसऱ्या जातीभोवती आणि त्या बुचाभोवती फिरतो.

मामाजी: हे सगळं मेंदूभर आहे. ऐकण्यात वेगळं काय?

भाची: वेळ. तुम्ही व्हरायटी चौकात रस्ता ओलांडताय, उजवीकडून ऑटोचा हॉर्न वाजला. उजव्या कानाला पोचलेला आवाज डाव्याला पोचायला किती उशीर? डोक्याची रुंदी बघता फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. आणि आवाज समोरून किंचित बाजूला सरकला तरी आपल्याला कळतं, म्हणजे दहा मायक्रोसेकंदांचा फरक माणूस ओळखतो. एका चेतापेशीचा ठोका स्वतःच साधारण एक मिलिसेकंद चालतो. शंभरपट जाड पट्टीने हा बारीक फरक मोजायचा आहे.

मामाजी: आणि मोजतो. चौकात उभं राहून रोज मोजतो, म्हणून जिवंत आहे.

भाची: कारण या पेशींनी सगळ्यात चपळ एएमपीए रिसेप्टर निवडलेत. या रिसेप्टरांचे चार प्रकारचे भाग असतात, ग्लूए-१ ते ग्लूए-४. श्रवणमार्गात ग्लूए-३ आणि ग्लूए-४ यांची चलती, त्यातही पटकन मिटणाऱ्या घडणीची. एक मिलिसेकंद व्हायच्या आत प्रवाह येऊन संपलेला. पण ग्लूए-२ हा भाग कमी असला की दारातून कॅल्शियमही आत येतं. कॅल्शियम जास्त झालं की पेशी मरते. म्हणजे वेगासाठी या पेशींनी जोखीम पत्करली आहे. तिच्यापासून वाचायला त्या कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं पोटात भरून बसतात, पार्वअल्ब्युमिन, कॅलरेटिनिन वगैरे. ब्रेनस्टेमच्या कापाला त्यांचा रंग दिला की श्रवणमार्गच उठून दिसतो.

मामाजी: थांब, थांब. एएमपीए रिसेप्टर सतत उघडा, कॅल्शियम आत, पेशी मेली. हे तर आपल्या लाखोळीचं प्रकरण आहे.

भाची: तेच. त्याच रिसेप्टरवर.

मामाजी: मग लाखोळीचं मी सांगतो, कारण ते तुझ्या उंदरांचं नाही, आपल्या माणसांचं आहे. धानाच्या उभ्या बांधीत, ओल असतानाच लाखोळी टाकतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळ्या झाडीपट्टीत. पाणी नको, खत नको, दुष्काळातही उभी राहते. त्यामुळे दुष्काळात तेवढीच उरते, आणि महिनोन्महिने तीच खाल्ली की पाय ताठरतात, माणूस काठीवर येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी १९६४ मध्ये त्यातलं विष वेगळं काढलं, ओडॅप. त्याच्या आधीच, १९६१ साली, विक्रीवर बंदी आलेली. आणि ती बंदी उठवा म्हणून आंदोलनं कुठून झाली? याच नागपुरातून. का? कारण गरिबाच्या ताटातलं प्रथिन तुम्ही हिरावून घेताय, आणि थोडी खाल्ली तर काही होत नाही. माझ्या आजीने लाखोळीचे वडे जन्मभर केले. डाळ भिजवायची, उकळायची, पाणी फेकायचं. विष बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने कमी ओडॅपचं ‘रतन’ वाण आणलं. माझा मुद्दा सरळ आहे: मात्रा. रिसेप्टरच्या नावाने घाबरवू नका, मात्रा बघा. आवाजाचंही तेच. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास, मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. त्या पोराला मी हाच हिशोब लिहून दिला.

भाची: मात्रेचा हिशोब मला मान्य. पण लाखोळीत मात्रा कशावर मोजली? पाय ताठरले का, यावर. डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीवर. तुमच्या हिशोबात मात्रा कशावर मोजली आहे?

मामाजी: ऑडिओग्रामवर. सगळ्यात मंद आवाज ऐकू येतो का, यावर.

भाची: आणि तो पोरगा म्हणतोय की मंद आवाज येतो, गर्दीतले शब्द येत नाहीत.

मामाजी गप्प झाले असं मी लिहू शकलो असतो. झाले नाहीत. त्यांनी सरळ दुसऱ्या अंगाने हल्ला चढवला, आणि खरं सांगायचं तर तो अधिक जोरकस होता.

मामाजी: बरं, तुझी सवय मला दाखव. रिसेप्टरची सवय. कुठे पाहिली?

भाची: तीन ठिकाणी. पहिली बोलणाऱ्याच्या टोकावर. १९९६ साली ताकाहाशी, फोरसाइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिक्सवर दाखवलं, की टोकावरचा एमग्लूआर जागा केला की त्या टोकात शिरणारं कॅल्शियम कमी होतं, त्यामुळे ग्लुटामेट कमी सुटतं. म्हणजे स्वतःच ओतलेल्या ग्लुटामेटची चव घेऊन टोक स्वतःलाच आवरू शकतं. दुसरी ऐकणाऱ्या पेशीत. सोंग, काझ्मारेक वगैरेंनी २००५ मध्ये जिवंत उंदीरमामांना आवाज ऐकवला आणि मग पेशी तपासल्या. शांततेत केव्ही-३ नावाच्या पोटॅशियम चॅनेलवर फॉस्फेटचा लगाम असतो. आवाज वाढला की लगाम सुटतो, चॅनेल जास्त प्रवाह देतं, आणि पेशी सेकंदाला शेकडो ठोके घ्यायला मोकळी होते. शांततेत पेशी एका घडणीची, गोंगाटात दुसऱ्या. मिनिटांत.

मामाजी: हे छान आहे. पण ही तर माझीच बाजू झाली. पेशी जुळवून घेते.

भाची: तिसरं ऐका. २००८ मध्ये फोरसाइथांच्याच लेस्टरच्या गटाने दाखवलं, की कॅलिक्सवर मारा चालू राहिला तर एनएमडीएचं बूच निघतं, कॅल्शियम शिरतं, त्याने नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो वायू. भिंती त्याला अडवत नाहीत. तो त्याच पेशीचं केव्ही-३ दाबतो आणि शेजारच्या पेशींचंही, ज्यांच्यावर कुणी मारा केलेलाच नाही. ठोके रुंद होतात, नेमकेपणा कमी होतो.

मामाजी: म्हणजे एक म्हणतो आवाजाने केव्ही-३ वाढतं, दुसरा म्हणतो घटतं. आणि या शास्त्रावर तू माझ्या ऑडिओग्रामला अपुरा म्हणून राहिली?

भाची: दोन्ही खरं असू शकतं. वेळ वेगळी, परिस्थिती वेगळी. आणि २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं, की तास-दोन तास नायट्रिक ऑक्साइड राहिला तर केव्ही-३चं काम केव्ही-२ नावाचं दुसरं चॅनेल उचलतं, ठोके पुन्हा सावरतात. एक कारभारी गेला, दुसरा बसला.

मामाजी: आता माझे प्रश्न घे. काप किती दिवसांच्या पिल्लाचे?

भाची: बरेचसे दोन आठवड्यांच्या आतबाहेरच्या.

मामाजी: उंदराच्या पिल्लाचे कान उघडतात कधी?

भाची: साधारण बाराव्या दिवशी.

मामाजी: म्हणजे कान नुकते उघडलेले किंवा उघडलेलेही नाहीत, आणि तू त्यावरून ऐकण्याचं बोलते. काप कोणत्या तापमानाला?

भाची: जुनी बरीच कामं खोलीच्या. आता लोक सदतीसच्या आसपास करतात. तिथे सगळं जास्त वेगाने होतं.

मामाजी: आणि तुझा तो एनएमडीए, तो मोठ्या जनावरात टिकतो?

भाची: कान उघडले की बराच घटतो. म्हणून आमच्यातच भांडण आहे, की प्रौढ पेशीत त्याचा हात किती. शून्य होत नाही एवढं दिसतं. लहानपणी त्याचं काम वेगळं असावं: कान उघडायच्या आधी शंख आपणहून ठोके पाठवतो, त्यावर ही वायरिंग घट्ट होते. आणि पिल्लांच्या ब्रेनस्टेममधल्या लॅटरल सुपीरियर ऑलिव्ह नावाच्या केंद्रातही एमग्लूआर लांब, संथ उत्तेजना देतात, वाढ होताना. मोठेपणी एमग्लूआरची कामगिरी जास्त लगाम घालण्याची. हे सगळं मी कबूल करते.

मामाजी: आणखी एक. कान वाजण्यावर औषध काढलं होतं तुमच्या लोकांनी. एस्केटामिनचं जेल, कानाच्या पडद्यामागे टोचायचं. एनएमडीए बंद केला की तीव्र टिनिटस थांबेल. उंदरांत थांबायचं. काय झालं?

भाची: २०१६ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी फसली.

मामाजी: फसली. मी पेशंटला रिसेप्टर लिहून देऊ शकत नाही. मी देऊ शकतो मशीन, इअरप्लग, आणि नवजात बाळाला वेळेत बेरा, म्हणजे श्रवणमार्गाची विद्युत तपासणी. कावीळ जास्त झालेली बाळं येतात. शंख ठणठणीत, त्याचा प्रतिसाद म्हणजे ओएई येते, आणि बेरा काढला तर पाटी कोरी. तेव्हा मला कळतं की बिघाड शंखाच्या मागे आहे, तंतूत किंवा ब्रेनस्टेममध्ये. तेवढ्याने बाळाला काय द्यायचं ते बदलतं. त्यासाठी ग्लूए-४ माहीत असायची गरज नाही.

मला इथे मामाजींची बाजू घ्यावीशी वाटते. रेणूच्या पातळीवर समजलं म्हणजे औषध सापडलं, असा एक भाबडा सूर विज्ञानाच्या लेखनात असतो आणि तो बऱ्याचदा संशोधकांपेक्षा आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचाच असतो. ग्लुटामेटचे रिसेप्टर मेंदूभर आहेत. कानासाठी एक बंद केला की स्मरणापासून तोलापर्यंत कशालाही धक्का लागू शकतो. पण भाचीने बेराचं नाव निघताच जी उडी घेतली ती मामाजींच्या मैदानात होती.

भाची: बेरात तुम्ही काय बघता?

मामाजी: डोक्याला इलेक्ट्रोड, कानात क्लिक, दहा मिलिसेकंदांत पाच लाटा. पहिली श्रवणचेतेची, तिसरी कॉक्लिअर न्यूक्लियसच्या आसपासची, पाचवी वर, मिडब्रेनच्या तोंडाशी, साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांना. मी पाचवी बघतो. किती मंद आवाजापर्यंत टिकते, आणि उशिरा येते का.

भाची: पहिलीची उंची?

मामाजी: कोण बघतो! मायक्रोव्होल्टचा अंश. डोकं मोठं, इलेक्ट्रोड जरा हलला, वय वाढलं, की बदलते.

भाची: २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना शंभर डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही दिवसांत ऐकण्याची पातळी जवळपास पूर्ववत झाली. केसपेशी सगळ्या जिवंत. तुमच्या भाषेत नॉर्मल. पण उच्च स्वरांच्या भागात केसपेशी आणि तंतू यांच्यातले निम्म्यापर्यंत सिनॅप्स कायमचे गेले होते. आणि पहिली लाट बुटकी झाली होती, ती पुन्हा वर आली नाही.

मामाजी: ग्लुटामेटचा पूर.

भाची: पूरच. तंतूंच्या टोकांवर तेच एएमपीए, ती टोकं फुगतात. मोंपेलिएच्या पुजोलांनी त्याआधीच दाखवलं होतं, की एएमपीए रिसेप्टर जागं करणारं रसायन शंखात सोडलं की आवाज न करताही टोकं तशीच फुगतात. बरीच परत जोडली जातात. काही नाही. आणि पहिल्यांदा जातात ते तंतू मुख्यतः मोठ्या आवाजात कामाला येणारे, गर्दीत शब्द वेगळे काढणारे. शांत खोलीत हेडफोन लावून ऑडिओग्राम काढता तेव्हा त्यांची गरजच लागत नाही.

मामाजी: म्हणजे टपरी.

भाची: टपरी. आता सवयीचं बघा. खालून ठोके कमी आले की वरच्या पेशी आपली संवेदना वाढवतात. पहिली लाट बुटकी, पाचवी जवळजवळ तेवढीच, असं जनावरांत दिसतं. तुम्ही बघता पाचवी. त्या पोराला डीजेचा आवाज आता वाटत नाही, याची निदान तीन कारणं असू शकतात: मन लक्ष देत नाही, ब्रेनस्टेमच्या पेशींनी चॅनेलं-रिसेप्टर हलवून तात्पुरतं जुळवून घेतलंय, जे दोन दिवस शांत राहिलं की परत जाग्यावर येईल, किंवा तंतूच कमी झालेत. तिन्हींना तो एकच म्हणतो. तुम्हीही म्हणता, पचवतं. पहिल्या दोहोंत पचवतं. तिसऱ्यात काही पचलेलं नाही, तोडून टाकलंय.

मामाजी: उंदरांत.

भाची: मेलेल्या माणसांच्या शंखांचे कापही बघितले गेलेत. वयाबरोबर केसपेशींच्या आधी आणि त्यांच्याहून जास्त तंतू जातात, हे माणसातही दिसलं.

मामाजी: वयाबरोबर. आवाजाबरोबर नाही. जिवंत, तरुण, गोंगाटात राहिलेल्या माणसांच्या पहिल्या लाटेवर जे अभ्यास झाले, त्यांत काहींत फरक सापडला, काहींत नाही. एवढं मीही वाचतो. माणसाचा कान उंदराएवढा नाजूक नसेल.

भाची: नसेल. किंवा तुमची लाट एवढी लहान की आमचा फरक तिच्यात बुडतो.

मामाजी: दोन्हींपैकी कोणतं ते तुला माहीत आहे?

भाची: नाही.

मामाजी: मग कायद्याला काय सांगशील? २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस. दवाखाने, शाळा, कोर्टापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे पन्नास आणि चाळीस. आपली धंतोली दवाखान्यांनी भरलेली. बाहेर जाऊन ऐक. आपल्याच गावात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, त्यांनी रस्त्यांवरचा आवाज मोजला, हॉर्नमुळे त्यात किती भर पडते तेही वेगळं काढलं. मीटर आहे, आकडा आहे, नियम आहे. आणि तरी काही होत नाही. त्यात तू येऊन म्हणणार, की आकडा पाळला तरी रिसेप्टरचा भरवसा नाही. अंमलदार म्हणेल, मग सोडूनच द्या.

भाची: मी उलटं म्हणते. पंचावन्नचा आकडा झोप आणि त्रास बघून ठरवलेला आहे, कान फुटण्यावरून नाही. पंच्याऐंशीचा आकडा कारखान्यातल्या ऑडिओग्रामवरून आला. ऑडिओग्राम जे पकडत नाही ते त्या आकड्यातही नाही. आकडा टाकून द्या असं नाही, पण तो पाळला म्हणजे कान सुरक्षित असं समजू नका. आणि विश्रांतीबद्दल एकही नियम बोलत नाही. पेशी परत जाग्यावर यायला तास लागतात, दिवस लागतात. पोळा, मारबत, मग तीन दिवसांत गणपती, मग दुर्गा. त्या पोराला मधे शांतता मिळते कधी?

मामाजी: मिळत नाही. त्याचं पोट त्यावर आहे. लाखोळीचंच झालं, दुसरं काही ताटात नाही म्हणून रोज तेच.

भाची: मग तुम्ही त्याचा बेरा काढा. पहिल्या लाटेची उंची लिहून ठेवा.

मामाजी: एकदा लिहून काय कळणार? बुटकी आहे म्हणायला त्याची आधीची कुठाय?

भाची: म्हणून आता काढा, आणि विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा. त्याच मशीनवर, त्याच हाताने, इलेक्ट्रोड तिथेच. गर्दीच्या आवाजात शब्द ओळखायची चाचणीही दोन्ही वेळा घ्या.

मामाजी: उद्यापासून त्याची गाडी सजायला लागते. तो येणार नाही.

भाची: परवा सकाळी बोलवा. डीजेवाले सकाळी झोपलेले असतात, कामाला नसतात.

मामाजी: आणि गणपतीत त्याला कसा पाठवू? इअरप्लग घालून की न घालता? कापसाचे बोळे नाही म्हणत, फोमचे, नीट पिळून बसवलेले. घातले आणि लाट तशीच राहिली, तर तुझं म्हणणं खोटं होतं की प्लग चांगले होते, कसं ठरवशील?

भाची: नाही ठरवता येणार.

मामाजी: न घालता पाठवलं तर ठरेल.

भाची: एकाच माणसावर तेही नीट ठरणार नाही.

मामाजी: मग घालूनच पाठवतो. दोन जोड्या देतो, एक हरवतोच हा.